गुडघ्याला बाशिंग

मराठी भाषेने गुडघ्याचं कधी भलं केलेलं नाही. काळजाला हात घालता येतो, पोटात माया असते, कपाळावर नशीब लिहिलेलं असतं. गुडघ्याच्या वाट्याला मात्र मठ्ठ माणसाची अक्कल आली. नाहीतर हरलेल्या माणसाने ते टेकायचे. मीही फळ्यासमोर उभी राहून, अपूर्णांकांची बेरीज चुकवणाऱ्या पोरांना 'अक्कल गुडघ्यात आहे का' असं वर्षानुवर्षं विचारत आले. मनातल्या मनात, कारण इथल्या शाळेत हे मोठ्याने म्हटलं तर बहुतेकांना कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांचे पालक संध्याकाळी फोन करतात.

मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर माझा स्वतःचा उजवा गुडघा बोलायला लागला. जिना चढताना गप्प, उतरताना मात्र प्रत्येक पायरीला कण्हणं. हे मला आधी खोटंच वाटलं. चढायला कष्ट आणि उतरायला सोपं, एवढं गणित तर लहान पोरालाही येतं. पण गुडघ्याचं गणित वेगळं होतं, आणि गणिताच्या बाईला ते येत नव्हतं.

मी राहते माबेल्याला. इथली निम्मी वस्ती पहाटे गाडी काढून मस्कतच्या रांगेत जाऊन उभी राहते. माझी शाळा मात्र घराजवळ, म्हणून मला उगाच एक तोरा होता. तो आता उतरला. शाळा दुमजली, लिफ्ट नाही, आणि शिक्षकाने वर्गात बसायचं नाही असा आमच्या मुख्याध्यापिकांचा दंडक. नवरा गेल्यापासून माझा आणि मुलीचा इथला मुक्काम माझ्या नोकरीच्या व्हिसावर आहे. पाय उभे राहिले तर आम्ही इथे, नाहीतर मुलीची शाळा मध्येच सोडून घरी. त्यामुळे दुखणं मी कुणाला सांगितलं नाही. स्टाफरूममध्ये हसत बसायचे आणि तास संपला की सगळे गेल्यावर कठड्याला धरून एकेक पायरी उतरायचे.

शेवटी डॉक्टरकडे गेले. त्यांनी एक्सरे काढला आणि तो उजेडावर धरून म्हणाले, "गादी झिजली आहे." वय झालं, उभं राहणं फार झालं, वजन थोडं कमी करा, वगैरे. मला त्यातलं काही नीट ऐकू आलं नाही, कारण मी त्या चित्राकडे बघत होते. मांडीचं एवढं मोठं हाड, पोटरीचं हाड, आणि त्यांच्यापुढे ती गोल वाटी, कशालाच न टेकता अधांतरी थांबलेली. आयुष्यभर मी याच्यावर नाचले, धावले, मुलीला कडेवर घेऊन उभी राहिले, आणि आत हे असं होतं. देवळात गेल्यावर होतं तसं काहीतरी मला झालं. हात आपोआप जोडले जायचे बाकी होते.

पण श्रद्धा वेगळी आणि अक्कल वेगळी. मी हायपरमार्केटमधून एक लवचिक नळीसारखी नी-कॅप आणली. माप बघितलं नाही. मी स्वतःला अजून बारीक समजते, म्हणून छोटीच घेतली. दुपारपर्यंत पोटरी फुगली आणि पायाला मुंग्या आल्या. तरी हट्टाने घालत राहिले. एक दिवस आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी मला कठड्याला धरून उतरताना पाहिलं. हे वसईचे, तरुणपणी फुटबॉल खेळताना त्यांच्या गुडघ्याचे धागे तुटलेले. ते म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही गुडघ्याला घातलंय की गुडघ्याला फाशी दिलीय?"

त्यांनीच मला एका फिजिओथेरपिस्टचा पत्ता दिला. ती केरळची मुलगी, बोलायला तुटक, पण हात विलक्षण हलका. तिने टेप घेऊन गुडघ्याच्या वर मांडीचा घेर मोजला, खाली पोटरीचा मोजला, मला चालायला लावलं, उठायला लावलं, बसायला लावलं. मग म्हणाली, पट्टा झिजलेली गादी भरून देणार नाही. तो फक्त भार वाटून घेईल आणि गुडघ्याला वाकडं जाऊ देणार नाही. मांडीचा स्नायू तुम्हीच बळकट करायचा. झोपताना पट्टा काढायचा. आणि इतका घट्ट बांधायचा नाही की पाय रागावेल.

तिने लिहून दिलेला ब्रेस सरांनी सीबच्या बाजारातल्या दुकानातून येता येता आणून दिला. काळा, जाड कापडाचा, पुढे वाटीपुरतं गोल भोक, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्या मधोमध दाराला असते तशी बिजागरी. वर-खाली चार वेल्क्रो. दुसऱ्या दिवशी तो सलवारीच्या आत बांधून मी शाळेत गेले, आणि सुट्टीच्या वेळी तोंड पुढे करून, कठडा न धरता, जिना उतरले. खाली आल्यावर मी वळून वर बघितलं. एवढासा जिना, पण मी एखादा घाट उतरून आले असावे तशी छाती भरून आली. एक बिजागरी आणि चार पट्ट्या माणसाला त्याचं आयुष्य परत देऊ शकतात, यावर माझा अजूनही पूर्ण विश्वास बसत नाही.

त्या पहिल्या सकाळी मी पलंगाच्या कडेला बसून वेल्क्रो लावत होते आणि मुलगी दारात उभी होती. मला विनोद सुचला. म्हटलं, "घ्या, आपण पण गुडघ्याला बाशिंग बांधलं."

माझी मुलगी जन्मली इथेच. मैत्रिणींशी बोलणार इंग्रजीत, दुकानात हिंदीत, आणि माझ्याशी मराठीत. पण तिच्या मराठीला जागोजागी भोकं आहेत, जिथे जो शब्द मिळेल तो ती बसवते. तिने बाशिंग कधी पाहिलेलं नाही. तिला वाटलं, या वस्तूला मराठीत बाशिंगच म्हणतात. त्याच संध्याकाळी तिने विचारलं, "मम्मा, तुझं बाशिंग धुवायला टाकू का?" मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. घरात हसायला फारसं काही नव्हतं. ते राहू दिलं. मग रोजचंच झालं: मम्मा, बाशिंग उलटं बांधलंयस. मम्मा, बाशिंगाची पट्टी लूज झालीय. मागचे वेल्क्रो मला नीट दिसत नाहीत, म्हणून शाळेला निघताना तीच वाकून लावून द्यायची.

माझ्या सासूबाई कुडाळजवळच्या गावात धाकट्या दिरांकडे असतात. दर शुक्रवारी त्यांचा नातीला व्हिडिओ कॉल येतो. त्या शुक्रवारी मी आंघोळीला गेले होते. काय बोलणं झालं ते मी पुढे मुलीच्या तोंडून शब्दन् शब्द ऐकलं.

"आजी, मम्माने गुडघ्याला बाशिंग बांधलंय."

"काय बांधल्यान?"

"बाशिंग. आता ती एकदम हॅपी असते. आमच्या पीटी सरांनी आणून दिलं."

आजी म्हणाली, "आणि तुका? तुका चलता ता?"

"मला काय? मीच तर रोज बांधून देते."

मी बाहेर आले तेव्हा फोन संपला होता. दोन-तीन दिवसांनी सासूबाईंचा फोन मला आला. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही, एकदम म्हणाल्या, "विसा काढ. माका थय येवचा आसा."

मी खुर्चीवर बसले. माझ्या लग्नापासून आम्ही त्यांना बोलवत होतो आणि त्या प्रत्येक वेळी गुडघ्यांवर ढकलत होत्या. त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यातून बाहेरच्या बाजूला वाकलेले आहेत. पायऱ्या त्या तोंड मागे करून, शिडी उतरावी तशा उतरतात. जमिनीवर बसणं तर केव्हाच सुटलं. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणणार, "देवान दिलेले गुडगे काढून दुकानातले घालू?" निरगुडीचा पाला गरम करून बांधायचा आणि वरून जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळायची, हा त्यांचा दवाखाना.

"आणि पाय?" मी विचारलं.

"पाय येतले माझ्यावांगडा."

दिरांनी त्यांना गोव्याहून विमानात बसवलं. मस्कतला त्या व्हीलचेअरवरून बाहेर आल्या, मान ताठ, मांडीवर पर्स, जणू ती खुर्ची दुसऱ्याच कुणाची आहे. आम्हा दोघींना बघून त्यांनी नातीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग माझ्या मागे, डावीकडे, उजवीकडे बघितलं. कुणाला तरी शोधत होत्या. मला वाटलं, बावरल्या असतील.

घरी आल्यावर चहा झाला. त्यांनी बॅग उघडायला लावली. कोकमं आणि कुळथाच्या पिठाखालून एक नवी साडी निघाली. मोतिया रंगाची, हिरव्या काठांची, घडी न मोडलेली. ती त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"ही नेस त्या दिसाक. माझ्याकडची म्हणान नेस. सासरची म्हणान नको."

"कुठल्या दिवशी, आई?"

त्यांनी कप खाली ठेवला, पदर सारखा केला, आणि परीक्षेला बसल्यासारख्या ताठ होऊन विचारलं, "तो खय आसा?"

"कोण?"

"बाशिंगवालो."

मला काही उमजेना. मुलीला मात्र लगेच कळलं. ती आनंदाने बाल्कनीत धावली आणि दोरीवर वाळत घातलेला माझा ब्रेस घेऊन आली. "हे बघ आजी, बाशिंग. मी सांगितलं होतं ना?"

सासूबाईंनी तो हातात घेतला. बिजागरी उघडून बघितली, मिटून बघितली. एक वेल्क्रो ओढला तसा तो चर्रकन आवाज झाला आणि त्या दचकल्या. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. आणि मला एकदम सगळं समजलं: तो विनोद, तो फोन, पीटीचे सर, व्हिसा, साडी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. माझी सासू, जी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायची नाही, ती समुद्र ओलांडून सुनेचं दुसरं लग्न बघायला आली होती.

मी हसायला लागले ते मला थांबवता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याही हसल्या, आवाज न करता, पोट हलवत. मुलगी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत उभी. मग मी सांगितलं की पीटीच्या सरांना बायको आहे, दोन मुलं आहेत आणि संध्याकाळी फुटबॉल आहे. आणखी कशाला त्यांच्या आयुष्यात जागा नाही. आणि माझ्याही नाही.

"असतो तरी माझी ना नाय होती," त्या म्हणाल्या.

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की माझं हसू तिथेच गळून पडलं. मी त्यांच्या मुलाची बायको. त्यांच्या गावात अजून विधवेने हळदीकुंकवाला पुढे यायचं की नाही यावर बायकांमध्ये कुजबुज चालते. आणि ही बाई, जिला स्वतःचे दोन पाय धड सावरत नाहीत, ती नवी साडी घेऊन मला उजवायला आली होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते असं समजत होते, आणि मला त्यांची काहीच माहिती नव्हती.

"मग एवढ्या लांब आलात, रागवायला नाही?"

"राग कित्या येयत?" मग त्या खाली बघून पट्टीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. "माका येगळाच भय वाटला. तू दुसऱ्याची झालंस काय माका थय कोण नेतलो?"

"कुठे?"

"तेका सोडलंस थय."

माझा नवरा इथून दूर, सहम या किनाऱ्यावरच्या गावात कामाला होता. तिथल्या शेतांच्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा आणि गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे माबेल्याला यायचा. करोनाच्या काळात विमानं बंद होती तेव्हाच त्याचं हृदय बंद पडलं. घरी पाठवायला मार्ग नव्हता. सोहारला अग्नी दिला, आणि सहमच्या किनाऱ्यावर, जिथे तो गळ टाकून बसायचा, तिथे मी आणि त्याच्या दोन सोबत्यांनी अस्थी सोडल्या. सोबत्यांपैकी एकाने फोन धरला होता, गावी दिसावं म्हणून. त्यानंतर मी दर सुट्टीत गावी गेले. सासूबाईंनी त्या दिवसाबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही. त्यांनी ते स्वीकारलंय, असं मी समजून चालले.

"फोनार बघलंय मी," त्या म्हणाल्या. "फोन हालत होतो. काय्यक दिसला नाय."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"इचारूक तोंड झाला नाय."

मी म्हटलं, उद्याच जाऊ. गाडी आहे, रस्ता सरळ आहे. पण त्यांनी मान हलवली. रस्त्याची त्यांना काळजी नव्हतीच. रस्ता जिथे संपतो आणि वाळू सुरू होते, तिथून पाण्यापर्यंतची काळजी होती. मऊ वाळूत त्यांचा पाय रुतला की गुडघा बाहेर फेकला जाई, आणि मग त्या पडत. मालवणच्या किनाऱ्यावर एकदा पडल्या होत्या. आणि उचलून कुणी न्यायचं नाही, हे त्यांनी आधीच बजावलं.

म्हणून मी त्यांना त्या केरळच्या मुलीकडे नेलं. पडदा ओढल्याशिवाय त्यांनी साडी गुडघ्यावर घेतली नाही. फिजिओथेरपिस्टने आधी त्यांची ती सुती पट्टी सोडली, हळूहळू, आणि तिचे वळसे बघत राहिली. गुडघ्याच्या खालून वर, वाटी मोकळी ठेवून, मागे एकदा फुलीसारखी ओलांडून बांधलेली. मी माझ्या एवढ्या शिक्षणासकट फाशी देत होते, आणि या डॉक्टर नसूनही नेमकं बांधत होत्या. "किसने सिखाया?" तिने विचारलं.

"कोणी नाय. दुखला म्हणान बांधलंय."

त्यांच्या पायांसाठी फिजिओथेरपिस्टने वेगळा ब्रेस सुचवला. पाय बाहेर वाकलेले म्हणून गादीची आतली बाजू झिजली होती. हा ब्रेस बाहेरून रेटा देऊन आतली बाजू थोडी मोकळी करतो. दोन्ही पायांना एकेक. पहिल्यांदा ते बांधून सासूबाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी कुठेच बघितलं नाही. त्या ऐकत होत्या, आतलं काहीतरी. मग एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. "गे बाय," त्या अगदी हळू म्हणाल्या. "हाड हाडार नाय इला."

पुढचे दिवस आमचं घर म्हणजे तालीमखाना झालं. सासूबाई सोफ्यावर पाय लांब करून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, मालिका बघता बघता ती दाबत. वेल्क्रो साडीच्या निऱ्यांना चिकटत आणि त्या वेल्क्रोला मालवणीत शिव्या देत. संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही तिघी गल्लीतून मशिदीच्या भिंतीच्या कडेने बकाल्यापर्यंत, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायचो. पहिल्या दिवशी अर्ध्यातून परत फिरलो. मग दारापर्यंत पोचलो. मग त्या आत जाऊन स्वतः लिंबं निवडायला लागल्या. माझा गुडघाही त्यांच्याबरोबर रांगेला लागला, कारण सासू टॉवेल दाबत असताना सुनेला लोळत पडता येत नाही. एकदा मी म्हटलं, इतकं चालता येतंय तर आता जाऊ या का? त्या म्हणाल्या, "अजून नाय. थय गेल्यार मागे फिराक नाय व्हया."

हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी सकाळी त्याच म्हणाल्या, आज. मी गाडी काढली. बर्का गेलं, सुवेक गेलं, खजुराच्या बागा आणि भिंती आणि पुन्हा बागा. त्या खिडकीतून बघत होत्या. प्रत्येक विहिरीच्या पंपाकडे बोट करून विचारत, "ह्यो तेनाच केलेलो काय?" मला माहीत नव्हतं. प्रत्येक वेळी हो म्हणाले.

सहमच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या. पाणी मागे गेलेलं, त्यामुळे वाटेत कोरड्या मऊ वाळूचा पट्टा आणि पलीकडे ओल्या घट्ट वाळूचा. मी ती जागा दाखवली. त्या गाडीतून उतरल्या, दोन्ही ब्रेस तपासून घेतले, काठी हातात घेतली आणि माझा हात बाजूला केला. पडल्या तर मी त्यांना उचलू शकणार नाही, माझाच गुडघा अर्धा उधारीचा.

एका होडीच्या सावलीत एक म्हातारा ओमानी कोळी जाळं नीट करत बसला होता. त्याने आमची वरात बघितली: पुढे झुलत चालणारी म्हातारी, मागे लंगडणारी मी, मध्ये पोरगी. तो उठून जवळ आला आणि स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "रुकबा?"

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. "रुकतंय बाबा, रुकतंय."

मी सांगितलं की रुकबा म्हणजे अरबीत गुडघा. त्यांनी त्या माणसाकडे पुन्हा नीट बघितलं. त्याचेही पाय बाहेरच वाकलेले होते. दोघं एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघत क्षणभर उभी राहिली, आणि मग त्याने जवळच उभ्या असलेल्या पिकअपकडे हात केला. याच गाडीने ते होड्या ओढतात. "यल्ला, सय्यारा," बसा, पाण्यापर्यंत नेतो.

"तेका सांग," सासूबाई मला म्हणाल्या, "गाडयेत बसान नाय जावचा. तेच्याकडे मी चलान जातलंय."

माझ्या मोडक्या अरबीत मी काय सांगितलं देव जाणे. तिचा मुलगा, हा समुद्र, एवढेच शब्द मला येत होते. त्याने मान हलवली. होडीजवळची पांढरी प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि त्यांच्या मागून चालायला लागला. "श्वै श्वै," तो म्हणत होता. हळूहळू.

त्या चालल्या. कोरड्या वाळूत पाय रुते, गुडघा बाहेर जायला बघे, आणि बाहेरून ती पट्टी त्याला धरी. मला ते दिसत होतं. साडीखाली दर पावलाला ते लढाईसारखं चाललेलं दिसत होतं. त्या थांबल्या की म्हातारा खुर्ची ठेवायचा, त्या बसायच्या, आणि मग उठणं. उठणं सर्वांत कठीण होतं. हाताने खुर्चीच्या कडा दाबून, तोंड मिटून, त्या वर यायच्या. मी उंच इमारती पाहिल्यात, इथले उघडे डोंगर पाहिलेत, वादळात उसळलेला समुद्र पाहिलाय. त्या कशापुढेही मी अशी लहान झाले नव्हते. मुलीने माझा हात घट्ट पकडला होता.

ओली वाळू लागली तसं त्यांचं पाऊल सरळ पडायला लागलं. काठी त्यांनी नातीकडे दिली. पाण्याची पहिली पातळ लाट त्यांच्या पावलांवरून गेली तरी त्या थांबल्या नाहीत. ब्रेस भिजतील, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. पाणी पोटरीपर्यंत आल्यावर त्या उभ्या राहिल्या. कोळ्याने अंगातला पायघोळ दिशदाशा वर धरून खुर्ची पाण्यातच ठेवली, हाताने दाबून ती पक्की केली आणि पाठ फिरवून तो किनाऱ्याकडे निघून गेला.

त्या खुर्चीवर बसल्या. दोन्ही हात पाण्यात घातले आणि पाण्यावरून ते फिरवत राहिल्या, विमानतळावर नातीच्या तोंडावरून फिरवला होता तसे.

"माका येवक उशीर झालो रे झिला," त्या पाण्याला म्हणाल्या. "पाय दुखत होते."